पट्ट्याची आक्का

पट्ट्याची आक्का बाईच्या तोंडाकडे कधी बघायचीच नाही, आधी पोटाकडे बघायची. लग्नाच्या मांडवात, एसटीत, कोरेगावच्या बाजारात, कुठेही. ओळखीची बाई दिसली की "बरी हायस का" राहिलं बाजूला, पहिला प्रश्न, "बांधतीस का न्हाई गं?" ती बिचारी ओशाळून पदर पुढे ओढायची. आक्काला नावं आठवायची नाहीत, पोटं बरोबर आठवायची. एकदा माझ्या चुलतीला ती काही केल्या ओळखेना. मग भर पंगतीत म्हणाली, "आगं बया, तू चार बोटंवाली न्हवं का!" चुलती आठ दिवस फुगून बसली होती.

आमच्या बाजूच्या पाच-सहा गावांत बाळंतिणीचं पोट बांधायचं काम तिचंच. जुनं सुती धोतर उभं फाडून केलेला लांबलचक पट्टा. आधी तेल, मग शेक, मग पट्टा. "खालनं वर आवळायचं," ती बजावायची. "वरनं खाली आवळलं की सगळा भार खाली उतरतोय. मग म्हातारपणी बसा रडत." बांधण्याआधी बाळंतिणीला उताणी झोपवून मान उचलायला लावायची आणि बेंबीच्या वर बोटं रुतवून मधली फट मोजायची. दोन बोटं असली तर चाळीस दिवस पट्टा, तीन असली तर तीन महिने. मला वाटायचं, हे आक्काचं अडाणी मोजमाप. पुढे सांगलीला फिजिओथेरपी शिकायला गेले, तर आमच्या पुस्तकातही ती फट बोटांनीच मोजायला सांगितलेली!

पोटाच्या पुढच्या भिंतीने मला पहिल्या वर्षी रडकुंडीला आणलं होतं. मधे दोन उभे स्नायू, दोन्ही बाजूंना एकावर एक तीन थर. वरच्या थराचे धागे खिशात हात घालावेत तसे खाली उतरणारे, त्याखालचे नेमके उलट्या दिशेने, सगळ्यात आतले आडवे. सुट्टीत घरी येऊन आकृती घोकत बसले होते, तर शेजारून आलेल्या आक्काने वही ओढून घेतली. "ह्यो कसला घोळ घातलाय? झोप खाली." सोप्यात झोपवलंच मला. "मुंडी उचल. ही दोन उभी. मधी शिवण. बाळंतपणात ही शिवण ताणती आन दोघं दोन बाजूला जात्यात. आता खोक." मी खोकले. "आधी काय आवळलं?" कंबरेभोवती आतून काहीतरी आवळल्यासारखं झालं होतं. "त्यो आडवा," ती म्हणाली. "सगळ्यांच्या आधी त्यो आवळतोय. त्यो ढिला पडला की बाई ढिली पडली." तोंडी परीक्षेत सरांनी नेमका तोच आडवा स्नायू विचारला. मी उत्तराआधी पोटावर हात ठेवून खोकून बघितलं. सर हसले, पण पास केलं.

मी सांगलीतच दवाखाना थाटला. बाळंतपणाला मात्र गावी आले, ते आक्कासाठी. एक दिवस मला न्हाऊ घालायला ती गरम पाण्याचं घंगाळ उचलत होती. तिचा पदर सरकला आणि बेंबीच्या वर लिंबाएवढी गाठ दिसली.

"आक्का, हे काय?"

"ते व्हय? माझं धाकटं. सा जण बाहेर आली, ह्यो एकटा आत ऱ्हायला." आणि खो खो हसली.

मला हसू येईना. मी हात लावून बघितलं. तिची शिवण चांगली चार बोटं फाकली होती आणि त्या फटीतून आतडं डोकावत होतं. हर्निया. मी तिला फैलावर घेतलं. साताऱ्याला जाऊ, जाळी बसवतील, चार दिवसांत घरी. तिने माझ्या तोंडावर हातच ठेवला. "आन लोक काय म्हनतील? पट्ट्याच्या आक्काचंच पोट फाटलं? कोन बोलवंल मग मला?" सहा बाळंतपणांत तिचं पोट बांधायला कुणी नव्हतं, चौथ्या-पाचव्या दिवशी ती शेतात असायची. हे तिने त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. "सुरेखाला बोलू नगंस. ती लेकाला फोन करंल, त्यो रजा टाकून पळत यील. तुला तुझ्या लेकराची आण हाय."

तिचा मुलगा लष्करात, सीमेवर. सुरेखा त्याची बायको. माझं लेकरू माझ्या मांडीवर होतं. एरवी मी आणबिण काही मानत नाही, पण त्या दिवशी मानली. खरं सांगायचं तर तिचा मान माझ्याच्याने मोडवला नाही.

मग मी मधला मार्ग काढला. कसला मधला मार्ग, पळवाटच ती! सांगलीहून रबरी पट्टा आणून दिला. आडवं व्हायचं, गाठ आत गेली की मगच पट्टा लावायचा. आत जाईना, दुखायला लागली, उलटी झाली, तर पट्टा काढायचा आणि तडक मला फोन. तीनदा म्हणवून घेतलं तिच्याकडून. "व्हय गं मास्तरीणबाई," ती म्हणाली. त्यानंतर दोन वर्षं फोनवर मी विचारायची, "गाठ कशी आहे?" आणि ती म्हणायची, "गप निजलीय." मलाही तेवढंच ऐकायचं असायचं.

मागच्या श्रावणात एका दुपारी सुरेखाचा फोन आला. "ताई, आत्यास्नी उलट्या व्हायल्यात. पित्त झालंय म्हनत्यात. सकाळी शेजारच्या गावात एक बाळंतीण बांधून आल्या आन तवापासनं चालूय."

"त्यांचा पट्टा काढ आधी. गाठीचा रंग कसा आहे, बघ."

"कसली गाठ?"

शंभरावर किलोमीटर लांब, हातात फोन धरून मी नुसती उभी. पलीकडून आक्काचं कण्हणं ऐकू येत होतं. मग सुरेखा ओरडली, "ताई, कापडाचा पट्टा काढला तर खाली रबरी हाय! आवं, हितं काळंनिळं पडलंय!"

दुखायला लागल्यावर आक्काने जन्मभर केलं तेच केलं होतं. आणखी आवळलं होतं.

साताऱ्याच्या दवाखान्यात मी पोचले तेव्हा ऑपरेशन चालू होतं. आतडं सडलं होतं, ते हातभर कापून काढावं लागलं. पुढे छातीत कफ साठला. पोटावर उशी दाबून पेशंटला खोकायला लावायचं, हे माझं रोजचं काम. तिच्या पोटावरही उशी मीच धरली. "खोक ना गं आक्का." ती डोळ्यांनीच नाही म्हणायची. तिसऱ्या दिवशी पुटपुटली, "टाकं उसवत्याल." मी म्हटलं, मी धरलंय. "ढिलं धरलंयस," ती म्हणाली. मी आणखी दाबून धरलं. तिला खोकताच येईना. माझ्या सगळ्या शिक्षणात यापुढचं काही नव्हतं. सहाव्या दिवशी ती गेली.

दहाव्याला पाच-सहा गावच्या बाया आल्या होत्या, कडेवर लेकरं घेऊन. गर्दी ओसरल्यावर सुरेखा मोरीपाशी कप विसळत होती. वर न बघता म्हणाली, "ताई, फोनवर गाठीचं तुमीच पयल्यांदा काढलं. मी तवा पट्टाबी सोडला नव्हता. तुमाला ठावं हुतं?"

"हो."

"कवापासनं?"

"दोन वर्षं."

तिचे हात थांबले. "मी रोज म्हनायची, आत्या, तेल लावून देते. पाठ द्यायच्या, पोट न्हाई. मला वाटायचं, लाजत्यात. मी काय वैरीण हुते व्हय त्यांची? एका शब्दानं सांगायचं हुतं. मी नेलं असतं, उचलून नेलं असतं."

एवढ्यात तिचा नवरा आत आला. डोकं भादरलेलं, डोळे लाल. माझ्यासमोर त्याने हात जोडले. "ताई, तुमी फोनवर वळखलं म्हनून आईला दवाखाना तरी गाठता आला. न्हाईतर पित्त म्हनून घरातच गेली असती. तुमचे उपकार हायत."

सुरेखाने माझ्याकडे बघितलं. मग तिने पुढचा कप विसळायला घेतला. मी विसळलेले कप पुसायला घेतले.