काकूची करंगळी

अन्याय झाला तो माझ्या काकूवर. स्वातंत्र्यानंतरच्या पाचव्या दुर्गापूजेत, सप्तमीच्या सकाळी, कलकत्त्याच्या एका इस्पितळातल्या बायकांच्या वॉर्डात.

काकांची बदली खिदिरपूरच्या कस्टममध्ये झाली म्हणून ती पुण्याहून इथे आली, त्याला वर्षही झालं नव्हतं. बंगाली येत नव्हतं, हिंदी भाजीवाल्यापुरतं. मी त्यांच्याकडे राहून कॉलेजात जात होतो, म्हणजे बहुतेक वेळ पत्रकं वाटत होतो. काकूला कावीळ झाली ती उतरलीच नाही. लिव्हर पार बसलं, पोट घागरीसारखं फुगलं. पंचमीला डॉक्टरांनी सुई घालून पोटातलं पाणी काढलं. तिला हलकं वाटलं, पण तेव्हापासून लघवी बंद झाली.

डॉक्टर म्हणजे परका पुरुष, त्याच्यासमोर तो शब्द तिच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं, आणि आयाला मराठी कळत नव्हतं. मग तिने, शाळेत आपण सगळे दाखवतो तशी, आयाला करंगळी दाखवली आणि हात हलवला, होत नाही. आयाने भांडं दिलं, ते रिकामं राहिलं. पुन्हा करंगळी, पुन्हा रिकामं भांडं. आया वैतागली. बंगाली मुलं करंगळी दाखवून कट्टी घेतात. तिने वॉर्डभर सांगितलं, ही बाई माझ्याशी कट्टी घेतेय, हिचं डोकं फिरलंय. वॉर्ड हसला. लिव्हरच्या रोग्याला भ्रम होतो हे डॉक्टरांना ठाऊक, तेही तेच धरून चालले. सप्तमीला सकाळी पुन्हा पाणी काढलं.

दुपारी मी भेटायला गेलो. बाहेर पूजेचे ढाक, ते मोठे ढोल, वाजत होते. तिने मलाही करंगळी दाखवली.

"परवापासून एक थेंब नाही रे," ती म्हणाली. "आमच्या मास्तरांना लगेच कळायचं. हे एवढे शिकलेले, यांना कळत नाही."

सुई घालणाऱ्या, वॉर्डातल्या तरुण डॉक्टरांना मी गाठलं. ऐकून ते खाली बसले. म्हणाले, मूत्रपिंडं तशी धड असतात, पण लिव्हर इतकं ढासळलं की तीही काम टाकतात. पोटातलं पाणी एकदम काढणं हे कधीकधी त्याला निमित्त होतं. आधी कळतं तर दुसऱ्यांदा सुई घातली नसती.

"वाचली असती?"

"बहुतेक नाही. पण हे आमच्या हातून व्हायला नको होतं."

खरं बोलला, म्हणून त्या माणसावर माझा राग नाही. राग आपल्या या लाजेवर आहे. काका रोज संध्याकाळी तिच्या उशाशी बसत. जेवलीस का, झोप लागली का, सगळं विचारत. तेवढं एक सोडून.

नवमीला ती गेली. शेवटी तिला खरोखरच भ्रम झाला होता, माणसं ओळखू येत नव्हती. करंगळी तेवढी वर येत होती.

तुमच्या घरात कुणी काविळीने पिवळं पडलेलं, पोट फुगलेलं माणूस असेल, तर हे वाचून ठेवून देऊ नका. आज त्याच्या खाटेशी जा. त्याच्या भाषेत, मोठ्याने विचारा, लघवी होते का? नाही म्हणालं, तर तोच शब्द, न लाजता, डॉक्टरच्या कानावर घाला.