मोहरीची पिवळी पानं

लोणच्याची फोड अजून तशीच झणझणीत असते का, असं तुम्ही नातवंडं फोनवर विचारता, म्हणून यंदाची हकिकत लिहून ठेवते.

शाहूवाडीकडच्या माझ्या माहेरची, त्या लोणच्यात पडणारी बारीक मोहरी बरणीच्या तळाशी चिमूटभर उरली होती. तिकडे आता ती कोणी पेरत नाही. दिवाळीनंतर मी ती सगळी इथे राजारामपुरीत गच्चीवरच्या कुंड्यांत टाकली. बरीचशी उगवलीच नाही. मोजकी रोपं आली. ती गेली असती तर तो वाणच संपला असता.

फुलं झडून शेंगा धरल्या आणि खालची पानं पिवळी पडू लागली. कॉलेजात शिकलेलं आठवत होतं: वाढताना मोहरी पानांत नत्र साठवते आणि शेंगा भरायच्या वेळी तोच जुन्या पानांतून काढून वर दाण्यांकडे पाठवते. तरी रोज सकाळी धाकधूक व्हायची. नत्र वर चाललाय, की रोपंच चाललीत?

एकदा तुमचे आजोबा मूठभर पानं घेऊन गच्चीवरून खाली आले. तुळशीची पिवळी पानं आणि मंजिऱ्या ते रोज खुडतात, तशीच ही खुडली होती.

"झाडं कशी मोकळी केली बघ की!"

"अहो, अर्धी हिरवी आहेत ही! दाण्यांचं खाणं होतं यांत."

"व्हय? मग डिंकानं चिकटवून येऊ?"

मला हसू आलं नाही. ते पाहून त्यांचा आवाज उतरला. "थोडा युरिया टाकू काय?"

"आता मुळं काय उचलणार? खोडात आणि शेंगांच्या सालीत नत्र असेल तेवढाच दाण्यांना मिळणार."

त्यानंतर मी येताजाता शेंगा चाचपत राहिले. वाळल्यावर ताटात चोळल्या, तर बरेच दाणे सुरकुतलेले. फुंकर मारताच कोंड्याबरोबर उडाले. पाण्याच्या टाकीमागे आजोबांचा हात न पोचलेली एक कुंडी होती. तिच्यातले दाणे मात्र गोल, टणक निघाले.

तरी ते उगवतील का? त्यांतले थोडे ओल्या फडक्यात बांधले, पण फडकं सोडायचं धाडस होईना. शेवटी आजोबांनीच सोडलं.

"अगं, मोड आल्यात की!"

तेव्हा यंदा लोणच्याला बाजारची मोहरी, नाकं मुरडू नका. बरणीत पुन्हा चिमूटभरच आहे आणि ती पेरणीपर्यंत उघडायची नाही. आजोबा हल्ली तुळशीचं पान खुडायचं झालं, तरी आधी गच्चीवरून मला हाक मारतात.