हात आतच ठेवायचा

आमच्या कारखान्यात अणुभट्टीतलं वापरून झालेलं इंधन यायचं. ते आम्लात विरघळवून त्यातलं प्लुटोनियम वेगळं काढायचं, पुन्हा इंधन करण्यासाठी. मी शेवटच्या खोलीत होतो. तिथे बंद काचपेट्या आणि पेटीलाच जोडलेले रबरी हातमोजे. त्यांत हात घालून आतली पूड हाताळायची. मोजा फाटला तर हात ओढायचा नाही, आतच ठेवून जोडीदाराला हाक मारायची, हा तिथला पहिला धडा.

माझा जोडीदार सालेकशाकडचा, मी त्याच जिल्ह्यातल्या गोरेगावचा. कारखान्याच्या समुद्रकाठच्या वसाहतीत आपल्या बोलीत बोलणारे आम्ही दोघेच. एकदा काचेचा तुकडा लागून माझा मोजा फाटला आणि मी घाबरून हात ओढला. पूड बाहेर आली, भोंगा वाजला, खोली बंद करावी लागली. तपासणीत आम्हा दोघांच्या अंगात काही गेलेलं आढळलं नाही. पण चौकशीत मी सांगितलं, मोजा आधीच फाटका होता. सकाळी मोजे तपासायचं काम त्याचं. त्याला कपडे धुण्याच्या विभागात टाकलं. तिथूनच तो निवृत्त झाला.

यंदा कोहमाऱ्याला त्याच्याकडे गेलो. मुलाचं पंक्चरचं दुकान आहे, तो तिथे बाकड्यावर बसून असतो. मी सगळं कबूल केलं.

"मले काय सांगून राहिला? मी बाजूलेच उभा होतो," तो म्हणाला. "पोराले सांग. मले ट्यूबले हात लावू देत नाही. धा लोकांत म्हनते, बुड्याले एक मोजा पाहता आला नाही."

"तेव्हा काऊन नाही बोलला?"

"बोललो ना. तू साहेबाचा लाडका. माह्यं कोन ऐकते?"

मुलाला सांगितलं, तर त्याला पटेना. मी रिकामं पोतं मागितलं, कोपरापर्यंत हात घातला आणि मी कसा ओढला ते करून दाखवलं.

"म्हंजे सकाळी मोजा बरा होता, काका?"

"बरा होता. याने तपासला तेव्हा मीही पाहिला होता."

बाहेर एक मोटारसायकलवाला खोळंबला होता. मुलाने त्याची ट्यूब काढली, हवा भरली आणि बापापुढे धरली.

"बाबा, पाहा बरं, कुठून हवा जाऊन राहिली."

जोडीदार घमेल्यापाशी उकिडवा बसला आणि ट्यूब पाण्यात हळूहळू फिरवू लागला.