आण्णांनी हृदयाला दिलेला फ्लश

आण्णांचा इलाज चुकीचा होता. आणि मी त्याला मान डोलावली होती.

आज वर्ष झालं.

माझे थोरले भाऊ आण्णा म्हणजे गावच्या सहकारी पाणी सोसायटीचे फिटर. नदीपासून शिवारापर्यंतची पाइपलाइन त्यांना तोंडपाठ.

दुष्काळात नदी तळाला गेली की मोटार गाळच ओढायची. पाणी अडलं की लोक आण्णांच्या दारात.
आण्णा सरळ पाइपाला फाटा फुटतो तिथं खणायला लावायचे. गाळ तिथंच सापडायचा.

छातीत भरून यायला लागलं म्हणून त्यांना बीडला नेलं. अँजिओग्राफी झाली.

डॉक्टरांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "रक्तवाहिनीला इथं फाटा फुटतो. तुमचा जरा जास्तच फाकलेला आहे. अशा जागी रक्त सरळ जात नाही. भोवरा घेतं, कडेला मंदावतं. तिथंच चरबी धरते. त्यात तुमचं बीपी आणि बिड्या."

आण्णा खूश. "साहेब, हे तर मला कवाचं म्हाईत हाय!"

डॉक्टर हसले. स्टेंटसाठी पुढच्या आठवड्यातली तारीख दिली.

परतताना एसटीतच आण्णांनी ती रद्द केली.

"येड्या, फाट्यात गाळ बसला तर आपण काय करतो?"
"पाइपाच्या टोकाची टोपी काढून मोटार फुल सोडतो. फ्लश मारतो."
"मंग हितं बी तेच. रोज टेकडी चढायची, दणक्यात. रक्तच गाळ धुऊन काढतंय का न्हाई बघ."

मला पटलं. टेकडीवर महादेव. दर्शनही होणार.

आठ दिवस त्यांना बरं वाटलं. माझ्यापुढं चढायचे. "बिड्या मी वढतो अन् दम तुला लागतो व्हय बे?"

नवव्या दिवशी अर्ध्यावर बसले. "मी जरा टेकतो. तू दर्शन घेऊन ये."

मी गेलो. बेल वाहिला. घंटा वाजवली.

खाली आलो तर आण्णा पायरीला टेकलेले.
गेलेले.

डॉक्टर नंतर म्हणाले, "तो गाळ नसतो हो. चरबीचा थर रक्तवाहिनीच्या भिंतीच्या आत वाढतो, धुऊन निघत नाही. जोर पडला तर फुटतो, त्यावर रक्त गोठतं आणि वाट बंद."

गाव म्हणतं, महादेवाच्या पायरीवर मरण आलं, पुण्यवान माणूस.
वर्षभर मी "हो" म्हणत आलो. तेच सोपं होतं.

काल सकाळी टेकडीवर बापूकाका दिसले. सोसायटीची मोटार चालवायचे ते. धापा टाकत होते.

"मलाबी तारीख दिलीय डॉक्टरनं. म्हणलं, आधी आण्णाचा इलाज करून बघावा. त्याला लई फरक पडलता."

"काका, आण्णा त्या इलाजानंच गेले."
तोंडातून पहिल्यांदाच निघालं.

"आसं कसं? त्याला तर महादेवानं नेलं."

मी हात धरून त्यांना हळूहळू खाली आणलं. उद्या बीडला घेऊन जातोय.

आणखी कितीजण चढतायत, कुणास ठाऊक. रात्रीपासून जिवाला चैन नाही, म्हणून इथं लिहितोय. छातीत भरून येत असेल तर टेकडी नको. तारीख पाळा.

आण्णा, तुम्ही चुकलात आणि मी अडवलं नाही. वर्षभर मी महादेवाचं नाव पुढं केलं.
त्याची माफी आज पहाटे देवळात मागितली.

तुमची इथं मागतो, सगळ्यांसमोर.

पाया पडतो, आण्णा.