निळूचं पाणी

निळू गेला तेव्हापासून मी देवाला हात जोडणं टाकलं होतं; का नेलंस, एवढंच विचारायचे. ऑपरेशनच्या दिवशी तो सकाळपासून पाणी मागत होता. "आई, एक घोट दे की." डॉक्टरांनी पाणी बंद सांगितलं होतं, म्हणून मी दिलं नाही. तो आतून परत आलाच नाही. डॉक्टरांचं चुकलं नाही, माझंही नाही, हे मला कळतं. कळून उपयोग काय? पोरगं कोरड्या घशानं गेलं.

शेजारची शांता एकदा म्हणाली, "म्हातारे, दिवसभर भिंतीशी भांडतीस. त्यापेक्षा बालवाडीत पोरांशी भांड की. तितं बाईंना माणूस पायजे."

बालवाडी गल्लीतच आहे. विणकरांची तेलुगू मुलं आणि आमची मराठी एकत्र बसतात, बाई दोन्ही भाषांत शिकवतात. मी वळसंगची, सोलापुरात म्हातारपणी आले. कानडी कळतं, तेलुगूचा गंध नाही. पहिल्या दिवशी शेंबूड पुसले, चपला जोडीनं लावल्या, रडारड ऐकली आणि ठरवलं, उद्या यायचं नाही.

निघताना एका नव्या मुलीनं माझा पदर धरला. रडून लाल झाली होती. म्हणाली, "निळू."

मी जागीच थांबले. ती पदर ओढत राहिली, "निळू, निळू." मी बाईंवर ओरडले, "माझ्या पोराचं नाव हिला कुणी सांगितलं?"

"नाव कुटलं, आजी? नीळ्ळु म्हंतीय ती. तेलुगूत पाणी. तहान लागलीय, द्या की तिला."

माठातलं पाणी पेल्यात घेतलं. ती घटाघटा प्यायली, निम्मं माझ्या लुगड्यावर सांडलं. मग रिकामा पेला पुढं करून म्हणाली, "नीळ्ळु." मी पुन्हा भरला.

देव आला असं मी म्हणणार नाही. तेलुगू पोराला तहान लागली तर ते हेच म्हणणार. पण त्या दिवशी घरी जाऊन मी कितीतरी दिवसांनी हात जोडले.

आता रोज जाते. माठ मीच भरते. माझ्या तेलुगूला पोरं खदाखदा हसतात आणि मांडीवरच येऊन बसतात. का नेलंस, हे देवाला विचारणं सोडलं. त्यानं त्या नावानं मला पुन्हा हाक ऐकवली, एवढे उपकार पुरे. निळूला पाणी द्यायचं राहिलं ते राहिलंच. पण कुणी नीळ्ळु म्हटलं की मी उठते. गुडघे दुखतात, तरी उठते.