यशोदाबाईंचे रविवार

ताथवड्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात चारुलताबाई ग्रंथपाल होत्या. तिथली मुलं पुस्तकं न्यायची ती परीक्षेच्या आदल्या आठवड्यात. उरलेलं वर्ष बाई पंख्याची घरघर ऐकत बसायच्या. बाई अतिशय उत्साही. स्वस्थ बसणं त्यांना जमायचंच नाही, आणि पुढचा सगळा घोळ या उत्साहानंच केला.

तीन वर्षांपूर्वी मराठी दिनाला त्यांनी 'आपला ब्लॉग आपण काढू' असा वर्ग ठेवला. चहा होता म्हणून तीसेक माणसं आली; चहा संपल्यावर सहा उरली. त्यात चाकणला कंपनीत लाइनवर काम करणारा नवनाथ होता, पिंपळे गुरवच्या शाळेतली शिक्षिका दिव्या होती आणि कॅन्टीनला भाजी द्यायला आलेल्या निघोज्याच्या यशोदाबाई होत्या. यशोदाबाईंना सहीपुरतंच लिहिता यायचं, पण फोनशी बोललं की फोन लिहितो हे कळल्यावर त्या अशा काही खुलल्या की बस्स. वांग्यावरची कीड, सुनेचा चहा, शेजारच्या प्लॉटवर उभी राहिलेली कंपनी, सगळं त्या फोनला सांगायच्या.

सगळे ब्लॉग बाईंनीच काढून दिले. पासवर्डही त्यांच्याच वहीत राहिले, कारण सगळे म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडेच असू द्या." स्वतःचा धरून सात ब्लॉग झाले. त्यांचा त्यांनी 'शेजार' केला. दर रविवारी सकाळी आठला प्रत्येकानं लिहायचं, आणि खाली पुढच्याचा दुवा द्यायचा: 'शेजारच्या घरी जा.' सातव्याच्या खाली पुन्हा पहिल्याचा दुवा. एकानं दांडी मारली की वाचणारा तिथंच अडकायचा.

वर्षभर मजेत चाललं. मग नवनाथचा ओव्हरटाइम सुरू झाला. "मॅडम, तुम्हीच टाका ना माझ्या नावानं काहीतरी," तो म्हणाला. बाईंनी टाकलं. पुढच्या रविवारी त्याला विचारलंही नाही. दिव्याचं लग्न झालं, बाकीच्यांना कंटाळा आला, यशोदाबाईंचा फोन लागेना. बाईंनी एकेकाची जागा भरून काढली. फोन करून विचारायला त्या घाबरायच्या. समोरून कुणी 'आता मी लिहीत नाही' म्हटलं असतं, तर शेजार मोडला असता.

म्हणून शनिवारी दुपारी त्या सात माणसं व्हायच्या. नवनाथच्या नावानं दिव्याला 'छान लिहिलंस ताई' म्हणायच्या आणि दिव्याच्या नावानं त्याचे आभार मानायच्या. त्यांचे पती नंदकिशोर विचारायचे, "काय म्हणतोय तुझा शेजार?" बाई खरोखर आनंदानं सांगायच्या, "सगळे मजेत आहेत." मला विचाराल तर इथंच कुणीतरी त्यांचा कान धरायला हवा होता.

या आषाढात यशोदाबाईंच्या ब्लॉगवर एक अभिप्राय आला. नाव नव्हतं. नुसतं लिहिलं होतं, 'केलं.'

बाई हरखल्या. दोन वर्षांत बाहेरचा पहिला वाचक! पण काय केलं, ते कळेना. त्यांनी आपलंच लिखाण पुन्हा वाचलं. यशोदाबाईंच्या नावानं त्यांनी लिहिलं होतं की तुळशीपाशी संध्याकाळी दिवा लावला की लांबूनही घर दिसतं. पुढच्या रविवारी त्यांनी लिहिलं, कढीत जरा जास्त आलं घालावं. खाली उत्तर आलं, 'घातलं.' कुणीतरी यशोदाबाईंचा शब्द झेलत होतं. बाईंना बरं वाटलं आणि अंगावर काटाही आला.

मग एकदा सुचेना, तेव्हा त्यांनी विहिरीवर लिहिलं. शेतात जुनी विहीर आहे एवढंच यशोदाबाई कधीतरी म्हणाल्या होत्या. बाकीचं बाईंनी रचलं: आत उतरायला पायऱ्या आहेत, तिसरी तुटकी आहे, तेवढी सांभाळून उतरलं आणि पाण्यात पाय सोडले की सगळा शीण जातो. खाली अभिप्राय आला, 'बसतो रोज.'

त्यानंतरच्या रविवारी पोस्टचा शेवट गोड व्हावा म्हणून त्यांनी एक वाक्य टाकलं, 'इथं एकटीला करमत नाही.'

नऊ वाजता उत्तर आलं. 'येतो आज.'

बाईंच्या हातातला चहा तसाच राहिला. त्यांनी यशोदाबाईंचा जुना नंबर लावला. तो बंद होता. मग मात्र त्यांनी गाडीची किल्ली उचलली. तळवड्याच्या पुढे कंटेनरांची रांग लागली होती आणि रविवार असूनही कुणी हलत नव्हतं. तासाभराचा तो रस्ता बाईंनी 'असं काही नसेल' म्हणत काढला.

निघोज्यात घर सापडलं. दारात यशोदाबाईंची सून वर्षाली तांदूळ निवडत होती. आतल्या भिंतीवर यशोदाबाईंचा फोटो होता. फोटोला हार होता.

"दोन वर्सं व्हतील दिवाळीला," वर्षाली म्हणाली. "कावीळ झाली व्हती. तुमीच लिव्हता ना मॅडम? मला ठावं हाय. पर मामंजी रयवारी त्येवढं ऐकल्याबिगर जेवत न्हाईत. मी लावून देते, मग त्येच फोनशी बोलत बसत्यात."

"कुठं आहेत ते?"

"इहिरीवर. रोजच जात्यात."

बाई धावतच सुटल्या. कंपनीच्या पत्र्याच्या कुंपणामागे विहीर होती. मागून वर्षालीचा आवाज आला, "मॅडम, जपून उतरा, तिसरी पायरी तुटल्याली हाय."

बाई जागीच थिजल्या. खाली पाहिलं. तिसरी पायरी अर्धी ढासळलेली होती. ही पायरी त्यांनी शनिवारी दुपारी, ताथवड्यात खुर्चीत बसून रचली होती.

यशोदाबाईंचे पती उद्धवराव शेवटच्या पायरीवर होते. धोतर गुडघ्यापर्यंत पाण्यात भिजलेलं. डोक्याला टोपी होती, कपाळाला बुक्का होता. पाहुण्यांकडे निघालेल्या माणसासारखी सगळी तयारी होती.

"उद्धवराव, वर या," तुटकी पायरी ओलांडून खाली उतरत बाई म्हणाल्या. "मी चारुलता. यशोदाबाईंच्या नावानं मीच लिहिते. ते सगळं खोटं आहे. माझं चुकलं, मला माफ करा."

म्हातारा शांतपणे ऐकत होता. रागावला नाही, दचकलाही नाही.

"तिला तरी कुठं लिव्हाया येत व्हतं?" तो म्हणाला. "ती बोलायची, फोन लिव्हायचा. आता तुमी लिव्हता. बोलती तीच." त्यानं पाण्याकडं बघितलं. "ह्यी पायरी तुमास्नी कुणी सांगितली? दिवाळीनंतर ढासळली ती. ती गेल्यावर."

बाईंनी वळून त्या पायरीकडे बघितलं. वरच्या कंपनीतल्या पंख्याची घरघर विहिरीत ऐकू येत होती.

"आता आलाच हायसा तर तिला इचारा," उद्धवराव म्हणाले. त्यांचा एक पाय पुढं, खोल पाण्याच्या बाजूला सरकला. "येऊ का?"

खरं सांगून झालं होतं आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नव्हता. म्हातारा ऐकणार होता तो एकाच बाईचं. चारुलताबाईंनी डोळे मिटले. दोन वर्षं जो सूर त्या दर शनिवारी दुपारी लावायच्या, तो पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून बाहेर पडला.

"न्हाई. आत्ता न्हाई यायचं. वांगी काढायची ऱ्हायल्यात. घरला चला."

उद्धवरावांचा चेहरा लहान मुलासारखा निवळला. "बरं," ते म्हणाले आणि पाण्यातून पाय काढून एकेक पायरी चढू लागले. तुटकी पायरी त्यांनी न बघता ओलांडली. वर वर्षालीनं त्यांना हाताला धरलं.

बाई खालीच उभ्या होत्या. माणूस वाचला होता. आजच घरी जाऊन सातही ब्लॉग बंद करायचे, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

उद्धवराव वर थांबले, वळले आणि त्यांच्याकडे बघून म्हणाले, "तू न्हाई येत?"

चारुलताबाईंना सांगायचं होतं की मी ती नाही. त्यांनी तोंड उघडलं.

"आले," त्या म्हणाल्या, "तुमी व्हा म्होरं."