पाण्यातून काढलेलं कापड

आमच्या गावच्या हॉलचे पडदे मी शिवले होते. स्टेजचा मोठा, मधून दोन बाजूंना सरकणारा, आणि खिडक्यांचे बारा. लग्नं, शाळेचं गॅदरिंग, पावसातले दशावतार, बचत गटाच्या मीटिंगा, सगळं त्याच हॉलमध्ये होतं. मला चारचौघांत बोलता येत नाही. पण लग्नात एखादी पाहुणी विचारायची, हे पडदे कुठून आणले, आणि गावातली कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवायची. मी मान खाली घालायचे. तेवढं मला पुढच्या लग्नापर्यंत पुरायचं.

गेल्या वर्षी आगीच्या सुरक्षेची तपासणी करायला साहेब आले. कमिटीचे अध्यक्ष त्यांना सगळं दाखवत होते. मला मुद्दाम बोलावलं होतं, कारण पडद्यांबद्दल विचारतील असा निरोप होता. माझी धाकटी जाऊ नुसती बघायला म्हणून माझ्याबरोबर आली. साहेबांनी स्टेजचा पडदा चिमटीत धरला आणि विचारलं, कापड कसलं आहे. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याची कड चाचपत राहिले. तोवर जाऊ पुढे झाली आणि शुद्ध मराठीत म्हणाली, "साधं आहे साहेब. आगीसाठी काही प्रक्रिया केलेली नाही."

ती खरं तेच बोलली. पण माझ्या पडद्याला ती साधं म्हणाली, ते मला आजही ऐकू येतं.

साहेबांनी यादी लिहून दिली. मागचं दार कार्यक्रमात कुलूप लावून ठेवायचं नाही, आग विझवायची दोन नळकांडी भिंतीला हवीत, आणि सगळे पडदे अशा कापडाचे हवेत की ज्योत लागली तरी ते पेट घेणार नाही, ज्योत बाजूला झाली की आपोआप विझेल. तसा कंपनीचा दाखलाही हवा. नाहीतर हॉल बंद. साहेब गेल्यावर अध्यक्ष जावेला म्हणाले, "म्याडम, तुमका इंग्लिश वाचता येता. तुमीच बघा ता पडद्याचा."

मला वयनी म्हणतात. तिला म्याडम. दीर मुंबईच्या नोकरीतून निवृत्त झाले तेव्हा ती दोघं कायमची गावी आली. घर एकच, मधे भिंत घातलेली, खळं, म्हणजे पुढचं अंगण, सामाईक. ती बारावी झालेली, ऑफिसात काम केलेली. मी चौथी. तिचा चष्मा साखळीने गळ्यात लटकलेला असतो आणि कागद दिसला की तो आपोआप नाकावर चढतो. वीजबिल असो, बँकेचं पत्र असो, वाडीतल्या बायका पूर्वी माझ्या दारावरून पुढे जायच्या, आता तिच्या दारी थांबतात. तिला घावणे जमत नाहीत, तव्याला चिकटतात. ते मला बरं वाटतं. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

तिने पत्र लिहून मागवलेले कापडाचे नमुने पोस्टाने आले. ते तिने माझ्याच खळ्यात आणून उघडले, एवढं मात्र तिने केलं. दोनच पसंत करण्यासारखे होते. एक सुती, जाड, गडद मरून रंगाचं. हातात घेतलं आणि सोडलं की चुण्या कशा पडतील ते मला डोळ्यांसमोर दिसलं. दुसरं धाग्यापासूनच आगीला न जुमानणारं, म्हणजे वरून काही लावलेलं नाही, धागाच तसा बनवलेला. ते गुळगुळीत, थोडं ताठ, हाताला परकं वाटणारं. सुती कापड तागा घेऊन इथे शिवता येणार होतं. दुसरं कंपनी मापाप्रमाणे शिवूनच पाठवणार होती, त्यांचा शिक्का शिवलेल्या पडद्यावर असतो म्हणून. जावेने हे सगळं कागदावरून वाचून सांगितलं.

धुण्याच्या दगडाजवळ आम्ही दोन्हींच्या पट्ट्या चिमट्यात धरल्या आणि खाली काडी लावली. दुसऱ्याची पट्टी आक्रसली आणि तिची काळी गाठ झाली. सुतीची कड काळी पडली, थोडा धूर आला, काडी काढली तशी विझली. दोन्ही पास.

"तुमका खंयचा बरा वाटता?" जावेने विचारलं.

मी सुतीवर बोट ठेवलं. कापड चांगलं होतं म्हणून ठेवलं, असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं. शिवायला मला मिळणार होतं म्हणून ठेवलं.

मीटिंगमध्ये जाऊ बोलली. मी मागे खांबाला टेकून होते. तिने दोन्ही कापडांचे गुण सांगितले, काडी लावून बघितल्याचं सांगितलं, आणि सुती घ्यावं असं आमचं मत आहे, म्हणाली. आमचं म्हणाली, पण माना तिच्याकडे वळल्या. अध्यक्ष म्हणाले, म्याडमनी काम चोख केलं. दाखला तिच्या नावाने येणार, पत्रव्यवहार तिच्या सहीने होणार. घरी येताना ती अध्यक्षांच्या बायकोशी बोलत पुढे चालली होती आणि मी मागे. कापड मी हाताने ओळखलं होतं. तिने नुसतं वाचलं होतं. हे मी मनातल्या मनात घरापर्यंत घोकत आले.

दुसऱ्या दिवशी उरलेला नमुना, रुमालाएवढा, मी बादलीत भिजत घातला. कोरं कापड पाण्यातून काढल्याशिवाय कात्री लावायची नाही, हे मला शिवण शिकवणाऱ्या बाईने पहिल्या दिवशी सांगितलं होतं. सुती आटतं, रंग जातो, ते आधीच कळलेलं बरं. एक कोपरा तेवढा मी कापून कोरा ठेवला, आटणं मोजायला. रंग गेला नाही. पाणी मात्र बोटांना जरा बुळबुळीत लागलं. कांजी असेल, असं मला वाटलं. ते पाणी ओतून मी दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. पिळून वाळत घातलं.

मंगळवारी मासे विकणारी आली. तिच्याशी मी बोलते, कारण ती माझ्यासारख्यांना बोलायला लावते. पाटी उतरवून ती पायरीवर बसली आणि मला वाटलं, हिला तरी दाखवावं. हॉलसाठी मी निवडलेलं कापड. मी, जाऊ नव्हे. दोरीवरचा नमुना आणला, म्हटलं, बघ आता गंमत, हे पेटत नाही, आणि खाली काडी धरली.

भप्पकन पेटलं. मी हातातून टाकलं आणि पायातल्या चपलेने विझवलं.

मासेवाली पोट धरून हसली. "गो बाय, ह्या तर माझ्या लुगड्यासारख्याच पेटता. मगे माझाच लुगडा लावा हॉलात."

ती गेल्यावर मी कोरा कोपरा आणला. काडी लावली. कड काळी पडली आणि विझला. धुतलेल्याचा उरलेला तुकडा घेतला, काडी लावली. पेटला. पुन्हा केलं. चौथ्या काडीला मला आणखी बघायची गरज उरली नव्हती. आगीला अडवणारं जे काही होतं ते वरून लावलेलं होतं, आणि ते बादलीतून गटारात गेलं होतं.

आता हे कोणाला सांगायचं? आमच्या हॉलचे पडदे दरवर्षी धुतले जातात. चार महिन्यांच्या पावसात त्यांना बुरा येतो, पांढरे हिरवे ठिपके पडतात, कुबट वास मारतो. चतुर्थीच्या आधी बचत गटाच्या बायका पडदे काढून विहिरीवर नेतात, दगडावर आपटतात आणि सोड्याने स्वच्छ करतात. मीही असते. म्हणजे नवे पडदे पहिल्या धुण्यापर्यंत आगीला अडवणारे, त्यानंतर साधे. दाखला मात्र कपाटात तसाच राहणार. साहेब येतील, दाखला बघतील, सही करतील. त्याच पडद्यापुढे दशावताराआधी कापूर लावून गणपतीची आरती होते. तिथेच शाळेची पोरं पणत्या घेऊन नाचतात.

हे सगळं मला मंगळवारी दुपारी कळलं होतं. आणि मी गप्प बसले.

सांगितलं तर दुसरं कापड येणार. ते शिवून येणार. हॉलमध्ये माझा पडदा पुन्हा कधी लागणार नाही. नाही सांगितलं तर मी शिवणार, आठ दिवस मशीन चालेल, वाडीतल्या बायका बघायला येतील. मी मनाला सांगत राहिले की धुऊ नका असं बायकांना सांगता येईल. मी सांगणार, मी, जिला मीटिंगमध्ये आपलं नाव सांगताना घाम फुटतो. आणि आणखी एक गोष्ट मनात आली, ती मी इथेच लिहिते, कारण दुसरीकडे कुठे सांगणार नाही. पुढे कधी काही झालंच, तर दाखल्यावर नाव आणि कागदांवर सही जावेची असेल. वाचणारी तीच होती. हे मनात आलं आणि मी ते लगेच झटकलं नाही. बुधवार गेला, गुरुवार गेला, शुक्रवारी मी मशीनला तेल घातलं.

शनिवारी सकाळी जाऊ वही-पेन घेऊन आली. "वयनी, मापां सांगा. आज ऑर्डर धाडतंय."

मी मापं सांगितली. स्टेजची उंची, रुंदी, चुण्यांसाठी दुप्पट, खिडक्यांची. तिने लिहून घेतली, चष्मा खाली सोडला आणि खळं ओलांडून निघाली. तुळशीपर्यंत गेली असेल.

"जरा थांब गो," मी म्हटलं.

मी दोन तुकडे आणले. कोरा आणि धुतलेला. तोंडाने सांगायला मला जमलं नसतं, म्हणून काडी लावून दाखवलं. तिने दोन्ही बघितलं, मग माझ्या हातातली काडेपेटी घेऊन स्वतः लावून बघितलं. चष्मा नाकावर गेला. घरात जाऊन कागद घेऊन आली. बोट अगदी शेवटच्या ओळीवर नेलं.

"लिवलेला आसा. धुवचा नाय. मी वाचलंय पण." ती पायरीवर बसली. "माका वाटला, लाँड्रीत देवचा."

"हयसर खंयची गो लाँड्री?"

ती हसली नाही. "मगे दुसरो घेवचो लागतलो. तो शिवान येता, वयनी."

"माका म्हायत आसा."

तेव्हा तिने मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. तुकड्यांच्या कडा मी आणल्या तेव्हाच जळलेल्या होत्या, ते तिच्या लक्षात आलं असावं.

"तुमका ह्या कधी कळला?"

खोटं सांगता आलं असतं. "मंगळवारी."

"आज शनवार आसा," ती म्हणाली.

तिने वही उघडली. मापांचं पान वहीतून फाडलं, त्याची घडी केली आणि उठून गेली. त्या संध्याकाळच्या मीटिंगला मी जाणारच नव्हते, पण तिने हाक मारून नेलं. तिथे उभी राहून तिने सांगितलं की आपण निवडलेलं कापड चुकलं, धुतल्यावर ते पेटतं, हे वयनीने पाण्यात घालून शोधलं, कागद वाचूनही तिच्या स्वतःच्या लक्षात आलं नाही. सगळ्या माना मागे वळल्या, माझ्याकडे. अध्यक्ष म्हणाले, "वयनी, सांगा मगे, कसा कळला?" मी पदराचं टोक धरलं आणि नुसती मान हलवली. कोणीतरी म्हणालं, वयनी काय बोलतत. आणि विषय पुढे गेला.

मंगळवार आणि शनिवार यांच्यामधले दिवस तिने कोणाला सांगितले नाहीत. तिथे नाही, घरी दिरांना नाही, नंतर माझ्याशी भांडतानाही नाही, आणि आम्ही पाण्याच्या पाळीवरून नंतर भांडलो आहोत. तिच्या जागी मी असते तर एकदा तरी बोलले असते. इतके दिवस मला तिच्या वाचण्याचा हेवा वाटत होता. आता तिच्या ह्या न सांगण्याचाही वाटू लागला, आणि हा अधिक वाईट, कारण ह्यात ती माझं काही घेऊन गेली नव्हती.

पडदे महिन्याने आले. मोठ्या खोक्यात, प्लास्टिकमध्ये, रंग मरूनच, प्रत्येकाच्या कोपऱ्यावर शिक्क्याची पट्टी शिवलेली. मी शिवण तपासली. मला चूक हवी होती. दुमड सारखी होती, टाका बारीक, कोपरे बंद. खिडक्यांचे बरोबर बसले. स्टेजचा लावला तेव्हा चार बोटं लांब झाला, खाली जमिनीवर लोळायला लागला. मापं मी दिली होती, जुन्या पडद्याच्या कड्यांवरून. नव्याच्या कड्या वेगळ्या होत्या.

"चार बोटां दुमडा आणि टाको मारा, वयनी," अध्यक्ष म्हणाले. "तुमच्या हाताक काय वेळ लागता?"

साहेब दोन दिवसांनी येणार होते. मी घरून सुई आणि मरून दोरा आणला. पडदा मांडीवर घेतला. हॉलमध्ये सुतार होता, अध्यक्ष होते, जाऊ होती. जड होता पडदा, दोन्ही पायांवर पसरला. दुमड घातली, नखाने रेघ ओढली. सुई ओवलेली होती. मग मला आठवलं की हा दोरा आमच्या बाजारातला, साधा.

मी जावेला हळूच म्हटलं, कंपनीला विचार. तिने तिथल्या तिथे फोन लावला. पलीकडून सांगितलं, दोरासुद्धा आमचाच हवा, दुसऱ्या दोऱ्याने शिवलंत तर दाखला धरायचा नाही, आम्ही पाठवतो, आठ-दहा दिवस लागतील.

"कोणाक दिसता काय दोरो?" अध्यक्ष म्हणाले. "घाला टाको."

जावेने फोन ठेवला. ती माझ्याकडे बघत होती, आणि मला कळत होतं की मी टाका घातला तर ती हेही कोणाला सांगणार नाही.

"दांडी वर घ्या," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. सुताराने विचारलं किती. मी बोटं दाखवली, चार.

त्याने स्टूल ओढलं, जुनी भोकं सोडून वर नवी पाडली, दांडी बसवली. आम्ही दोघींनी मिळून पडदा उचलून दिला, ती एका टोकाला, मी दुसऱ्या. सोडल्यावर तो जमिनीच्या जरासा वर थांबला. चुण्या पडल्या, सुतीसारख्या नाहीत, पण पडल्या. जावेने विचारलं, कसा दिसतो. बरा दिसतो, मी म्हटलं, आणि सुईतला दोरा काढून रिळावर गुंडाळत बसले. त्या पडद्यात माझा एकही टाका नाही.